कॅमेरा ज्याचा, त्याच्या हातात

फोन करणारं माणूस सुरुवातीला अवघडलेलं असतं. "कॅमेरा घेऊन तीन वर्षं झाली, पण ऑटोच्या पुढे गेलोच नाही," हे सांगताना आवाजात काहीतरी चुकल्याची कबुली असते. कुणाला मुलाने अमेरिकेहून येताना आणून दिलेला, कुणी लडाखच्या सहलीआधी हप्त्यांवर घेतलेला, कुणी घरात बाळ येणार म्हणून. सहल होऊन गेली, बाळ चालायला लागलं आणि कॅमेरा त्याच्या काळ्या बॅगेत, वॉरंटी कार्डासकट, कपाटाच्या वरच्या कप्प्यात राहिला. फोटो निघतात ते मोबाइलवर. मग एखाद्या रविवारी कपाट आवरताना बॅग हाताला लागते आणि कुणाकडून तरी मिळालेला माझा नंबर फिरवला जातो.

गेली चौदा वर्षं मी पुण्यात अशा माणसांना डीएसएलआर कॅमेरा शिकवते. एका वेळी एकच माणूस. त्याच्या घरी, माझ्या घरी, किंवा बाहेर जिथे उजेड बरा असेल तिथे. बँकेतून निवृत्त झालेले काका, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, जुन्नरकडचा द्राक्षबागायतदार, दोन बाळंतपणांनंतर स्वतःसाठी काहीतरी शिकायचं ठरवलेली आई, पक्ष्यांमागे भिगवणला जाऊ लागलेला इंजिनिअर. त्यांच्या शिकवण्यांच्या वेळी ठेवलेल्या वह्यांमधून हे पुस्तक तयार झालं. शिकणाऱ्याला ते उपयोगी पडेल अशी आशा आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर होता तो शिकवणारा. ज्याला कॅमेरा चांगला येतो, आणि ज्याला शेजारची मुलगी किंवा स्वतःचे वडील म्हणाले आहेत, "मला शिकव ना."

आपल्याकडे 'शिकवणी' या शब्दाला परीक्षेचा वास आहे. गणितात कच्च्या मुलाला लावतात ती शिकवणी. गाण्यात त्याच गोष्टीला तालीम म्हणतात आणि तिथे समोरासमोर बसण्याला पर्याय नसतो, कारण शिष्याचा श्वास कुठे तुटतो, स्वर कुठे हलतो हे गुरूला त्याच क्षणी ऐकू यावं लागतं. कॅमेऱ्याचं शिक्षण मला या दुसऱ्या जातीचं वाटतं. नवशिक्याला आपली अडचण शब्दांत मांडता येत नाही. ती त्याच्या बोटांत दिसते, डोळा मिटण्यात दिसते, कॅमेरा उचलताना खांदे वर जातात त्यात दिसते. ती दिसायची तर तुम्ही त्याच्या शेजारी उभं असायला हवं आणि तुमचं लक्ष फक्त त्याच्याकडे हवं.

वीस-वीस जणांच्या कार्यशाळाही मी घेतल्या आहेत. भिंतीवर चित्रं दाखवायची, शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांचा तो प्रसिद्ध त्रिकोण काढायचा, सगळ्यांनी माना डोलवायच्या. नंतर सगळे मिळून पर्वतीवर गेलो की निम्म्यांना स्वतःच्या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर कुठून बदलायचं तेच सापडत नसे. त्यात त्यांचा दोष नव्हता. कॅननच्या चाकावर 'एव्ही' आणि 'टीव्ही' लिहिलेलं असतं, निकॉनवर त्याच जागी 'ए' आणि 'एस'. कॅननची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बसते, निकॉनची उलट दिशेने. सुरुवातीच्या किमतीतल्या कॅमेऱ्यांना बोटाखाली एकच चाक असतं. मॅन्युअलवर असताना तेच चाक शटर बदलतं, आणि अ‍ॅपर्चर बदलायला दुसरं एक बटण दाबून धरून फिरवावं लागतं. हे कुणी दाखवल्याशिवाय कळण्याजोगं नाही, आणि वीस जणांना वेगवेगळं दाखवत बसलं की सूर्य मावळतो.

या पुस्तकात एक नियम मी हट्टाने पुन्हा पुन्हा सांगितला आहे. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

हा नियम मला एका चुकीने दिला. शिकवायला लागून दोनेक वर्षं झाली होती. एका बाईंना मुलीच्या अरंगेत्रमचे फोटो स्वतः काढायचे होते. रंगीत तालमीला मीही गेले. रंगमंचावर लाल-पिवळे दिवे, मुलगी भराभर फिरतेय, आणि बाईंच्या कॅमेऱ्यात नुसते रंगांचे फराटे येताहेत. त्यांची घालमेल मला बघवेना. मी कॅमेरा मागून घेतला, आयएसओ ३२०० केला, शटर १/२५० वर ठेवलं, अ‍ॅपर्चर जेवढं उघडतंय तेवढं उघडलं आणि कॅमेरा परत दिला. फोटो सुरेख आले. बाईंनी पेढे आणून दिले. सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला, "मॅडम, तुम्ही लावून दिलेली ती सेटिंग नातवाच्या हातून बदलली. पुन्हा लावून द्याल का?" फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून राहिले. चार भेटींचे पैसे मी घेतले होते आणि त्या बाईंना काहीही शिकवलं नव्हतं. उलट, हे आपल्याला जमणारं नाही, हे मात्र माझ्या त्या दहा सेकंदांनी त्यांच्या मनात पक्कं केलं होतं.

तेव्हापासून शिकवताना मी हात पाठीमागे बांधते. ऐकायला हे सोपं वाटतं, पण समोरचा माणूस चुकीचं चाक फिरवतोय, उजेड जातोय, मोर उडायच्या बेतात आहे आणि तुम्ही फक्त विचारायचं, "आता काय बदललं?" याला फार धीर लागतो. भाकरी थापायला शिकवणारी आई पहिली भाकरी फाटू देते. ती पीठ आपल्या हातात घेत नाही, कारण पाण्याचा अंदाज तिच्या तळहाताला येऊन मुलीला काय उपयोग?

पहिल्या भेटीत आम्ही जवळजवळ फोटो काढतच नाही. आधी पट्टा गळ्यात, कारण पडण्याची भीती गेल्याशिवाय बोटं मोकळी होत नाहीत. मग डावा हात. बहुतेक जण कॅमेऱ्याच्या दोन बाजू दोन हातांनी धरतात, ताट धरावं तशा. मी सांगते, डावा तळहात आभाळाकडे करा, तीर्थ घेताना करतो तसा, आणि त्यावर लेन्स ठेवा. वजन तळहातावर येतं, बोटं झूमच्या कड्याला आपोआप लागतात. कोपर बरगड्यांना टेकवायचे, श्वास सोडता सोडता बटण दाबायचं, आणि तेही दोन टप्प्यांत: अर्धं दाबून फोकस, मग पूर्ण. या अर्ध्या दाबण्याला एकेकाला अर्धा तास लागतो. मोबाइलच्या काचेवर टिचकी मारायची सवय झालेल्या बोटाला बटणाच्या मधोमध थांबणं माहीत नसतं. पण तो अर्धा तास मी कधी वाया गेलेला मानलेला नाही.

आणि मग डोळा. व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीकसं चाक असतं, त्याला डायॉप्टर म्हणतात. चष्म्याचा नंबर जुळवतो तसा आपल्या डोळ्याला व्ह्यूफाइंडर जुळवण्यासाठी ते असतं. बॅगेत जाता-येता ते आपोआप फिरतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले होते. कॅमेरा घेऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि आतून सगळं धूसर दिसत होतं. दुकानात नेला तर तिथल्या मुलाने फोटो काढून पडद्यावर दाखवला. उत्तम आला होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन गेलेली, त्यामुळे सरांनी मनाशी ठरवून टाकलं की दोष आपल्या डोळ्यांत आहे आणि या छंदाचं वय निघून गेलं. मी त्यांना कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे धरायला सांगितला, आत दिसणाऱ्या फोकसच्या खुणांकडे बघत ते चाक हळूहळू फिरवायला सांगितलं. चार-पाच खटके झाले आणि सर एकदम गप्प झाले. मग कॅमेरा तसाच डोळ्याला लावून ते खिडकीशी गेले आणि समोरच्या आंब्याची पानं बघत राहिले. त्या दिवशी आम्ही आणखी काही शिकलो नाही.

चाकाची गोष्ट माहितीपुस्तिकेत छापलेली असते, तरीही दोन वर्षं ती सरांपर्यंत पोहोचली नव्हती. कुणीतरी "तुम्हाला आत काय दिसतंय?" एवढं विचारायला हवं होतं.

दुसऱ्या भेटीत कॅमेऱ्याचं पोट उघडून बघायचं. लेन्स काढली की आत पंचेचाळीस अंशांत कललेला एक छोटा आरसा दिसतो. लेन्समधून आलेला उजेड या आरशावर आपटून वर जातो, वरच्या काचेच्या लोलकात किंवा आरशांत वळसे घेतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत सुलटा पोहोचतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा सरकतो, उजेड सेन्सरवर पडतो, पडदा मिटतो, आरसा खाली येतो. तो 'खटॅक' असा आवाज या आरशाचा आणि पडद्याचा. मी शिकणाऱ्याला शटर दोन सेकंदांवर आणि अ‍ॅपर्चर १६ वर ठेवायला सांगते, मग लेन्स बसवून कॅमेरा स्वतःकडे वळवून समोरून आत बघत बटण दाबायला लावते. दोन सेकंद त्याला पात्यांनी आवळून केलेलं बारीक भोक स्पष्ट दिसतं. मग तेच अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून पुन्हा. पुस्तकात वाचलेला शब्द डोळ्यांनी बघितला की तो विसरत नाही. ज्यांचा यंत्रांशी कधी संबंध आला नाही अशा गृहिणींना हा प्रयोग सगळ्यात जास्त आवडतो, असा माझा अनुभव आहे. त्या चार-चारदा करून बघतात.

आरशाची ही रचना फिल्मच्या काळातली. डिजिटल युगाने फिल्मच्या जागी सेन्सर बसवला, बाकीचा सांगाडा तसाच ठेवला. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉनच्या एफ३ या फिल्म कॅमेऱ्यावर उभारून विकायला काढलेला डीएसएलआर १.३ मेगापिक्सेलचा होता आणि त्याची साठवणीची पेटी वेगळी, खांद्याला अडकवून न्यावी लागे. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला, तो वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांच्या हातात गेला. २००३ मध्ये कॅननच्या ३००डी ने किंमत हजार डॉलरच्या आत आणली आणि तिथून हा कॅमेरा हौशी माणसांच्या घरांत शिरायला लागला. आज कॅनन आणि निकॉन दोघांचंही नवं काम आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर चालू आहे. मग डीएसएलआर शिकवणारं पुस्तक आता कशाला, असं मला एका मित्राने विचारलं.

पहिलं कारण कपाटांत आहे. लाखभर रुपयांचा नवा कॅमेरा घेण्याआधी घरात असलेला चालू करावा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जुने कॅमेरे विकत मिळतात, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं शिकण्याचं साधन अजूनही हेच आहे. पण माझं खरं कारण वेगळं आहे. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये छोटा पडदा असतो, त्यात फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. डीएसएलआरमधून दिसतं ते समोरचं जग, जसं आहे तसं. फोटो कसा येईल याचा अंदाज तुम्हाला बांधावा लागतो, मग बटण, मग पडताळा. हा अंदाज बांधणं, चुकणं, पुन्हा बांधणं यातच शिकणं होतं. एकदा अंदाज पक्का झाला की कुठलाही कॅमेरा हातात घ्या.

आकड्यांपाशी मात्र हमखास गाडं अडतं. अ‍ॅपर्चरचा आकडा लहान तर भोक मोठं, आकडा मोठा तर भोक लहान. भल्याभल्यांचा इथे गोंधळ होतो आणि अनेक जण इथेच सोडून देतात. वह्यांत या एका गोष्टीवर माझी सगळ्यात जास्त पानं खर्च झाली आहेत. शेवटी उत्तर भाकरीत सापडलं. एफ/२ मधली ती तिरकी रेघ भागाकाराची आहे. एफ/२ म्हणजे अर्धी, एफ/४ म्हणजे चतकोर, एफ/८ म्हणजे त्याच्याही निम्मी नितकोर. कशाची? लेन्सच्या फोकल लेंग्थची. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर २५ मिलिमीटर उघडते, एफ/१० वर पाचच मिलिमीटर. ज्यांनी लहानपणी पावकी-निमकीचे पाढे म्हटले आहेत त्या पिढीला हे सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. चतकोरापेक्षा अर्धी मोठी, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

आणि भोक लहान केलं की जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट का येतं? इथे चष्मा कामाला येतो. ज्याला लांबचं कमी दिसतं त्याला मी चष्मा काढायला सांगते आणि विचारते, बसची पाटी वाचताना तुम्ही काय करता? डोळे किलकिले करतो. मग मुठीतून बारीक भोक करून त्यातून समोरची पाटी वाचून बघा. अक्षरं उमटतात. भोक लहान झालं, लेन्समधून येणारी किरणांची शंकूसारखी मोळी बारीक झाली, आणि नेमक्या फोकसच्या पुढे-मागे असलेल्या वस्तूही कमी पसरट दिसायला लागल्या. आपण रोज वापरत असलेलं अ‍ॅपर्चर कपाळाखाली आहे. 'क्षेत्रखोली' हा शब्द मी पुस्तकात एकदाच वापरला आहे. शिकवताना तोही वापरत नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो, "बॅकग्राउंड ब्लर कसं करायचं?" तर शिकवणीतही तेच शब्द असू देत. शटरला झडप आणि सेन्सरला संवेदक म्हटल्याने काही मराठी होत नाही. मराठी होते ती भाकरी आणि बसच्या पाटीने.

"पण माझा मोबाइल यापेक्षा छान फोटो काढतो," हा प्रश्न तिसऱ्या भेटीच्या आसपास येतो, जरा चाचरत. त्याला टाळू नये. संध्याकाळी गॅलरीतून काढलेला मोबाइलचा फोटो खरंच जास्त लख्ख असतो. मोबाइल एका टिचकीत अनेक फोटो घेतो, त्यांतला उजळ भाग एकातून, गडद भाग दुसऱ्यातून उचलतो आणि शिजवून वाढतो. डीएसएलआर एकच फोटो घेतो आणि बराचसा कच्चा तुमच्या हातात ठेवतो. मोबाइलचा सेन्सर काही मिलिमीटरचा, त्यामुळे त्याला मागचं खऱ्या अर्थाने धूसर करणं जड जातं, म्हणून तो हिशोबाने धूसर करतो आणि कधीकधी केसांच्या बटाही त्यात गिळतो. कॅननच्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर साधारण २२ बाय १५ मिलिमीटरचा आहे. हे सांगून मी थांबते. कुणाला शिजवलेलं हवं असेल तर त्यात कमीपणा नाही. ज्याला चूल पेटवायची आहे, त्याने चौथ्या भेटीला यावं.

चौथी भेट प्रकाश मोजण्याची, आणि ही माझी सगळ्यात आवडती. कॅमेऱ्याला रंग कळत असले तरी वस्तूंची नावं कळत नाहीत. समोरचं सगळं जग सरासरीने मध्यम राखाडी आहे, पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारं, असं गृहीत धरून त्याचं मीटर हिशोब करतं. जुन्नरच्या त्या बागायतदाराने मला आपल्या म्हशीचे फोटो दाखवले होते. तुकतुकीत काळीभोर म्हैस, पण फोटोत राखेत लोळून आल्यासारखी. त्याच वर्षी पालख्या पुण्यात आल्या तेव्हा त्याने वारकरी टिपले. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, पांढरी धोतरं, आणि सगळ्यांवर मळकट छटा. "कॅमेऱ्याने काळ्याला पांढरं केलं अन् पांढऱ्याला काळं," तो म्हणाला, आणि हे मीटरचं मला आठवणारं सगळ्यात अचूक वर्णन आहे. उपाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या बटणात आहे: पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. सगळ्यांना आधी उलटंच वाटतं. पांढऱ्यात आधीच उजेड आहे, त्यात आणखी कशाला घालायचा? म्हणून हे सांगायचं नाही. एक पांढरी उशी आणि एक काळी छत्री खिडकीशी ठेवायची, दोन्हींचे फोटो काढायला लावायचे आणि विचारायचं, यातली पांढरी कुठली? दोन्ही फोटोंतला राखाडी सारखाच असतो. मग बटणाचं उत्तर शिकणारा स्वतःच शोधतो.

मग आम्ही मंडईत जातो. महात्मा फुले मंडईची ती दगडी इमारत १८८६ ची. आत उंच छत, वरून झिरपणारा उजेड, खाली कोथिंबिरीच्या जुड्या आणि भाजीचे वाटे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत पाऊल टाकलं की आपल्या डोळ्यांना सरावायला क्षणभर लागतो, आणि तोच आयएसओ शिकवायचा क्षण. बाहेर १०० वर काम होत होतं, इथे १६०० तरी लागतो, नाहीतर शटर १/१५ वर उतरतं आणि हात हलतो. ५५ मिलिमीटरवर झूम केलं असेल तर १/१०० च्या खाली जायचं नाही, असा ढोबळ नियम मी देते.

पण मंडईत नेण्याचं कारण आयएसओ एवढंच नाही. नवशिका माणूस कॅमेरा हातात आला की लांबून, झूम करून, चोरून माणसांचे फोटो काढतो. भीती त्याचीच असते, पण समोरच्या बाईला ती टेहळणी वाटते. मी शिकणाऱ्याला कॅमेरा खाली घेऊन गाळ्यापाशी जायला लावते. आधी पावशेर मिरच्या घ्यायच्या. मग विचारायचं, "मावशी, तुमचा एक फोटो काढू का?" नाही म्हणाल्या तर हसून मिरच्या घेऊन पुढे. हो म्हणाल्या तर पदर सावरायला वेळ द्यायचा. आणि पुढच्या आठवड्यात फोटोची छापील प्रत नेऊन द्यायची, ही माझी अट असते. पडद्यावर दाखवलेला फोटो निघून जातो, छापील प्रत गाळ्यात गल्ल्याच्या वर चिकटवली जाते. आर्किटेक्चरची एक मुलगी पहिल्या दिवशी मंडईच्या दारातूनच परत फिरली होती, इतकी ती लाजरी. तीन आठवड्यांनी ती मला एकेका भाजीवालीचं नाव सांगत होती.

अशी शिकवणी आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच सुमारास फोटोग्राफीचा वर्गही निघाला. पण ही विद्या पसरली ती बव्हंशी एकाकडून दुसऱ्याकडे, डार्करूमच्या अंधारात खांद्याला खांदा लावून. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा ठेवून, ठरावीक वेळाने एकेक चौकट घेत 'अंकुराची वाढ' हे छोटं चलतचित्र केलं. सिनेमाला भांडवल मिळवण्यासाठी ते दाखवलं गेलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यांच्या घराचं जास्त कौतुक आहे. सरस्वतीबाईंनी फिल्मच्या कडांना भोकं पाडण्यापासून रसायनांपर्यंतचं काम शिकून घेतलं. कुणीतरी त्यांना ते दाखवलं असेल, त्यांच्या हातून फिल्म वाया गेली असेल, आणि ती पुन्हा त्यांच्याच हातात दिली गेली असेल. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईत कॅमेरा शिकल्या त्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, जे पुढे त्यांचे पती झाले. सुरुवातीला होमाईंचे फोटो माणेकशांच्या नावाने छापले जात. नाव दुसऱ्याचं असलं तरी कॅमेरा त्यांच्या हातात होता.

हवेबद्दलही दोन शब्द. जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात बंद राहिला तर लेन्सच्या काचांवर बुरशी धरते. कोकणात आणि मुंबईत तर हमखास. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून उजेडात वापर. हा वापर सगळ्यात महत्त्वाचा. तपशील सहाव्या प्रकरणात आहेत.

भेटी मी पाचच ठेवते, दीड-दीड तासाच्या, आणि दोन भेटींत निदान आठवडा. कुणी म्हणतं, सहलीला निघायचंय, दोन दिवसांत उरकून टाका. मी नाही म्हणते. मधल्या सात दिवसांत माणूस एकटा चुकतो आणि पुढच्या वेळी स्वतःचे प्रश्न घेऊन येतो, ते प्रश्नच माझी पुढच्या भेटीची तयारी. पुस्तकातही प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरं पान सोडलं आहे. ते शिकवणाऱ्याने भरायचं नाही.

पाचवी भेट मी गोरज वेळेला ठेवते. गुरं परतायच्या वेळी उडालेल्या धुळीवर तिरपा उजेड पडतो, म्हणून ती वेळ गोरज. छायाचित्रकारांनी या वेळेला जगभर नावं दिली आहेत, पण धूळ आणि उजेड दोन्ही एका शब्दात पकडणारं यापेक्षा नेमकं नाव मला माहीत नाही. त्या तासाभरात उजेड दर मिनिटाला उतरतो. मी शेजारी उभी असते, काही बोलत नाही. चाकाचे खटके ऐकत असते. एक खटका, थांबणं, फोटो, पुन्हा दोन खटके. माणूस पडद्याकडे न बघता चाक फिरवायला लागला की मी हळूच चार पावलं मागे सरकते.

मुख्याध्यापक सरांच्या पाच भेटी होऊन वर्ष झालं होतं. डिसेंबरातल्या एका पहाटे त्यांनी मला फोटो पाठवला. त्यांच्या खिडकीतला तोच आंबा, धुक्यात, आणि फांदीवर कसलातरी पक्षी. फोटो इतका काळोखा की पक्ष्याची नुसती आकृती ओळखू येत होती. मी उत्तर लिहायला घेतलं, धुकं पांढरं असतं, मीटरने फसवलं, अधिककडे जा, असं काहीसं. ते लिहून होण्याआधीच त्यांचा दुसरा संदेश आला. "धुक्याला राखाडी केलंन. दीड स्टॉप वाढवायला हवा होता. पक्षी रोज येतो, उद्या पुन्हा बसतो."